ही हाक कुणाची?

संध्याकाळचे सात वाजलेत. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात दोन इमारतींच्या मधल्या जागेत क्रिकेट रंगलंय. शेवटची ओव्हर आहे. एकीकडे भाजीवाल्याची आरोळी, दुसरीकडे कुणाच्या तरी घरातला टीव्ही, लांबवर ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्न. एवढ्यात वरच्या गॅलरीतून कुणाची तरी आई हाक मारते. नाव नीट ऐकूसुद्धा येत नाही, नुसता सूर कानावर पडतो. तरी दहा पोरांमधला एकच पोरगा मान वर करतो आणि म्हणतो, "आलो गं!"

बाकीच्या नऊ जणांना ती हाक ऐकू आली नाही का? आली की! पण ती आपली नाही, हे त्यांना कळलं. आणि ज्याची होती, त्यालाही बरोबर कळलं. हे त्याला कुणी शिकवलं? कुणीच नाही. पाळण्यात असल्यापासून तो तो आवाज ऐकत आलाय, म्हणून गोंगाटातही त्याला तो ओळखता येतो.

मित्रांनो, योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू येशूने असंच चित्र रंगवलं आहे. मेंढरं मेंढपाळाचा आवाज ओळखतात आणि त्याच्यामागे जातात, परक्याच्या मागे जात नाहीत. संडे स्कूलमध्ये हे आपण कितीदा तरी ऐकलेलं असतं. पण मनात एक प्रश्न उरतोच, आणि तो विचारायला आपण लाजतो. "देव बोलतो, देव बोलतो म्हणतात. मग मला का ऐकू येत नाही? आणि ऐकू आलंच, तर ते देवाचंच कशावरून? माझ्याच मनाचं नसेल कशावरून?"

प्रश्न फार चांगला आहे. तो विचारला म्हणून कुणी अविश्वासू ठरत नाही. आज त्याच्याबद्दलच बोलू या.

तीनदा चुकलेला मुलगा

शमुवेलाची गोष्ट तुम्हांला माहीत आहे. शिलो इथल्या मंदिरात म्हाताऱ्या एली याजकाच्या हाताखाली राहणारा हा मुलगा. रात्री झोपेत त्याला हाक ऐकू आली. तो धावत एलीकडे गेला. एली म्हणाला, मी नाही बोलावलं, जा झोप. असं एकदा नाही, तीन वेळा झालं!

या गोष्टीतल्या तीन बारीक गोष्टी आपण बहुतेक वेळा वाचतो आणि पुढे जातो. पहिली, शमुवेल चुकला. खुद्द देवाची हाक त्याला माणसाची वाटली. पण देव त्याच्यावर रागावला नाही, त्याने पुन्हा हाक मारली. म्हणजे ओळखायला वेळ लागला, तर देव पाठ फिरवून निघून जात नाही.

दुसरी, शमुवेलाला ते एकट्याने उमगलं नाही. एलीने त्याला सांगितलं, की ही हाक वेगळी आहे. पुन्हा आली, तर मी ऐकतोय असं उत्तर दे. एलीची नजर अधू झाली होती, घरात त्याच्या मुलांनी धिंगाणा घातला होता. तरीही त्या रात्री त्या मुलाला त्याचा अनुभव उपयोगी पडला.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. देवाने जे सांगितलं, ते शमुवेलाला मुळीच आवडण्यासारखं नव्हतं. ज्या एलीने त्याला वाढवलं, त्याच्याच घराण्याच्या पापाबद्दलचा तो कडक निरोप होता! सकाळी तो सांगायची त्याला भीतीच वाटली. यावरून एक खूणगाठ बांधून ठेवा. जो आवाज नेहमी फक्त आपल्या मनासारखंच बोलतो, तो बहुधा आपल्याच मनाचा असतो.

आधी जेव, मग झोप!

दुसरी गोष्ट एलीया संदेष्ट्याची. ईजबेल राणीच्या भीतीने तो रानात पळून गेला होता. थकला होता, जीव नकोसा झाला होता. त्या वेळी देवाने त्याला लगेच उपदेश केला का? नाही. दूताकडून भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. मग चाळीस दिवसांची वाट चालून तो होरेब डोंगरावर पोचला. तिथे सोसाट्याचा वारा सुटला, भूकंप झाला, आग भडकली. देव त्यांत नव्हता. त्यानंतर आला तो अगदी हळुवार, शांत आवाज.

दहावीच्या अभ्यासाने डोकं भणभणलेलं असताना, रात्रीचा एक वाजून गेलेला असताना, पोटात नीट जेवण नसताना "देवा, आत्ताच्या आत्ता सांग" म्हणून जे हट्ट धरून बसतात, त्यांनी ही गोष्ट जरूर वाचावी. दमलेल्या मनाला सगळेच आवाज भेसूर वाटतात.

आणि हो, देव बोलतो म्हणजे कानात शब्द ऐकू येतात, असं सहसा होत नाही. बहुतेकांच्या बाबतीत वचन वाचताना एखादा विचार मनाला धरून बसतो, प्रार्थनेत एखाद्याची आठवण पुन्हा पुन्हा येते, एखाद्या कामाकडे मन ओढ घेतं. याउलट कुणाला कानात सतत आवाज ऐकू येत असतील, ते शिव्या देत असतील, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा कर म्हणत असतील, तर ते मनात ठेवू नका. आईबाबांना सांगा, डॉक्टरांकडे जा. तो आजार असू शकतो, आणि आजारावर उपचार असतात. त्यात पापही नाही आणि विश्वासाची कमतरताही नाही.

आगगाडीतला अनोळखी प्रवासी

आता आपल्याच मराठी मातीतलं एक उदाहरण पाहू. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे नाव तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचलं असेल, चर्चमध्ये त्यांची भजनंही गायली असतील. त्यांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. १८९३ च्या सुमारास ते नागपूरहून राजनांदगावला चालले होते. डब्यात एक परदेशी गृहस्थ भेटले. गप्पा झाल्या, धर्मावर चर्चा झाली. उतरताना त्या गृहस्थांनी त्यांना नव्या कराराचं पुस्तक दिलं आणि रोज थोडं वाचण्याचा आग्रह केला. 

टिळकांनी वाचायला घेतलं ते शब्द पाळायचा म्हणून. पण मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते आले आणि तिथेच अडकले. त्या शब्दांनी त्यांना सोडलं नाही. मग काय, दुसऱ्याच दिवशी बाप्तिस्मा घेतला? छे! पुढे बराच काळ ते वाचत राहिले, वाद घालत राहिले, शंका विचारत राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

इथवर गोष्ट छान वाटते. पण पुढचा भागही खरा आहे आणि तो वगळून चालणार नाही. टिळकांनी हा निर्णय पत्नीला न सांगता घेतला. लक्ष्मीबाईंना तो दुसऱ्यांकडून कळला. त्या काळी धर्म बदललेल्या माणसाशी घरच्यांचे सगळे संबंध तुटत. लहानग्या मुलाला घेऊन लक्ष्मीबाई काही वर्षं नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. त्यांचं दुःख, राग, अपमान हे सगळं त्यांनी पुढे 'स्मृतिचित्रे' या आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिलं. टिळकांना आलेली हाक खरी होती म्हणून लक्ष्मीबाईंना झालेली जखम खोटी ठरत नाही. देवाचं ऐकताना आपल्या माणसांचंही ऐकायचं असतं, हे टिळकांच्या गोष्टीतूनच आपण शिकायला हवं.

मग लक्ष्मीबाईंचं काय झालं? त्या पुन्हा टिळकांकडे राहायला आल्या, पण आपलं सोवळं सांभाळून, वेगळा स्वयंपाक करून. एक दिवस त्यांच्याच मनात प्रश्न उभा राहिला, की हे जातीचे भेद देवाने केले की माणसांनी? विचार करता करता त्यांचं त्यांनाच उत्तर सापडलं आणि त्यांनी जातपात मानणं सोडलं. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला, टिळकांच्या पाच वर्षांनंतर. पाहा, एकाच घरात दोघांना दोन वेगळ्या वाटांनी, वेगवेगळ्या वेळी हाक आली! टिळकांना आलेली हाक लक्ष्मीबाईंना उसनी घेता आली नाही. आपल्यालाही आईबाबांची किंवा मित्राची उसनी घेता येणार नाही.

टिळकांचं ऐकणं त्या एका दिवसापाशी थांबलं नाही. १९१७ साली, छप्पन्नाव्या वर्षाच्या आसपास, त्यांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, पण ख्रिस्तावर प्रेम करणारे सगळे तिथे एकत्र यावेत, अशी त्यांची इच्छा होती. ९ मे १९१९ रोजी ते वारले.

भुकेची आठवण

आता पुणे-दौंड रेल्वेमार्गावरच्या केडगावला जाऊ. तिथे पंडिता रमाबाईंचं 'मुक्ती मिशन' आहे. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. सोळा वर्षांच्या असताना दुष्काळात त्यांचे आईवडील उपासमारीने वारले, मग थोरली बहीणही गेली. त्या आणि भाऊ पायी भटकत कलकत्त्यापर्यंत गेले.

१८८३ साली इंग्लंडमध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पण तिथल्या मोठ्या धर्मगुरूंनी सांगितलं म्हणून त्यांनी सगळंच निमूट मान्य केलं, असं झालं नाही. त्या प्रश्न विचारत, पत्रांतून वाद घालत, बायबल स्वतः वाचून पाहत. आवाज मोठ्या माणसाचा आहे एवढ्यावरून तो देवाचा ठरत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. बातम्या वाचून रमाबाईंना आपली स्वतःची भूक आठवली. तिथे जाऊन मुलींना वाचवावं, असं त्यांच्या मनाने घेतलं. पण ते सोपं होतं का? हाताशी पैसा तुटपुंजा, जागा अपुरी, संस्था आधीच ओढाताणीत चाललेली. व्यवहाराने पाहिलं तर 'नको' म्हणायला शंभर कारणं होती. त्या प्रार्थना करून निघाल्या. शेकडो मुलींना घेऊन आल्या. तेवढ्यात पुण्यात प्लेगची साथ आली आणि या मुलींना शहरात ठेवता येईना. मग केडगावच्या शेतजमिनीवर तंबू ठोकून त्यांना ठेवलं, आणि तिथेच 'मुक्ती' उभी राहिली.

या प्रसंगात देवाचा आवाज कशातून आला? आकाशवाणीतून नाही. वर्तमानपत्रातल्या बातम्यांतून, जुन्या दुःखाच्या आठवणीतून आणि प्रार्थनेतून. या तिन्ही गोष्टी एकाच दिशेने बोट दाखवू लागल्या. आणि ती दिशा स्वतःच्या सुखाची नव्हती, उपाशी मुलींची होती.

पुढे रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणलं. खेड्यातल्या, जेमतेम अक्षरओळख असलेल्या बाईलाही ते कळावं, हा हेतू. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचं निधन झालं, त्याआधी हे काम त्यांनी हातावेगळं केलं होतं. ज्या ग्रंथातून देव आपल्याशी बोलतो, तो सगळ्यांना वाचता यावा म्हणून आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी वेचली!

मागे काय उरतं?

देवाचा आवाज पारखायची एक युक्ती लोयोलाच्या इग्नेशियस यांनी सांगितली आहे. हे स्पेनमधले सरदार. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. महिनोन् महिने अंथरुणावर पडून राहावं लागलं. वाचायला शूर सरदारांच्या कादंबऱ्या मागितल्या, पण घरात होती ती ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा. पडल्या पडल्या ते कधी लढायांची आणि मानमरातबाची स्वप्नं बघत, कधी संतांसारखं जगण्याची.

त्यांच्या लक्षात एक गंमत आली. दोन्ही स्वप्नं बघताना मजाच वाटे. पण पहिलं संपलं की मन कोरडं, रिकामं होई. दुसरं संपल्यावरही आनंद कितीतरी वेळ टिके. सुरुवातीची गोडी सारखीच, फरक होता तो मागे उरणाऱ्या चवीत. याच इग्नेशियसनी पुढे जेझुइट संघ स्थापन केला. मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज याच संघाच्या फादरांनी १८६९ मध्ये सुरू केलं.

तीन आवाज

आता आपल्याकडे येऊ. समजा, शाळेत एका मुलाच्या फाटक्या चपलांवरून सगळे हसले. तुम्हीही हसलात. तो काही बोलला नाही, दप्तर उचलून निघून गेला. घरी येताना विक्रोळी स्टेशनचा पूल चढता चढता तुमच्या मनात काहीतरी टोचायला लागलं.

एक आवाज म्हणतो, "जाऊ दे रे! सगळेच हसले. विसरून जाईल तो."

दुसरा म्हणतो, "तू किती वाईट आहेस! चर्चला जातोस आणि असं वागतोस? तुझं काही खरं नाही."

तिसरा म्हणतो, "उद्या त्याच्या शेजारी बस. माफी माग."

पहिला आवाज देवाचा नाही, हे सहज कळतं. फसवतो तो दुसरा! तो धार्मिक भाषा बोलतो, म्हणून देवाचा वाटतो. पण नीट पाहा. तो नुसता चिरडतो, पुढची वाट दाखवत नाही. तिसरा आवाजही चूक लपवत नाही, पण करायला एक पाऊल देतो. पेत्राने येशूला तीनदा नाकारलं, यहूदाने त्याला धरून दिलं. दोघांनाही पस्तावा झाला. यहूदा निराशेत बुडाला. पेत्र ओक्साबोक्शी रडला, पण परत आला. देवाचा आवाज आपल्याला परत आणणारा असतो.

पारखायचं कसं?

बायबलच सांगतं, की जे ऐकाल त्याची पारख करा, चांगलं ते धरून ठेवा. तेव्हा मनातला एखादा विचार देवाचा आहे असं वाटलं, तर हे प्रश्न विचारून पाहा.

१. येशूने जे शिकवलं, त्याच्याशी हे जुळतं का? कॉपी करायला, खोटं बोलायला, कुणाचा द्वेष करायला देव सांगणार नाही.

२. यात फक्त माझाच फायदा आहे, की कुणाचं भलंही आहे?

३. ज्यांच्यावर माझा भरवसा आहे अशा दोघा-तिघा मोठ्यांना हे मोकळेपणाने सांगता येईल का? शमुवेलालाही एली लागला होता.

४. एक-दोन आठवडे थांबल्यावरही ते टिकतं का? जो आवाज "आत्ताच, नाहीतर कधीच नाही" म्हणून घाई करतो, त्याच्यापासून जपून.

५. मागे काय उरतं? शांती, की नुसती धास्ती?

आणखी एक गोष्ट, अगदी कान देऊन ऐका. कुणी मोठा माणूस, मग तो कितीही प्रार्थना करणारा असो, तुम्हांला म्हणाला, "देवाने मला सांगितलंय की तू असं कर, पण घरी बोलू नकोस", तर तिथून उठा आणि सरळ घरी येऊन सांगा. मुलांना आईबाबांपासून लपवायला लावणारा आवाज देवाचा नसतो. 'देवाने सांगितलं' हे शब्द वापरून कुणी पैसे मागितले, अंगाला हात लावला, धाक घातला, तर त्यात तुमची चूक काडीचीही नाही. घरी बोलता येत नसेल, तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनच्या नंबरवर फोन करा.

आणि ती डोळे मिटून बायबल उघडायची, बोट ठेवायची आणि त्या ओळीवरून पेपर कसा जाईल ते ठरवायची सवय! आपल्यातल्या कितीतरी जणांना आहे. देव कुठूनही बोलू शकतो, खरं आहे. पण आईचं पत्र आलं, तर तुम्ही त्यातला मधलाच एक शब्द वाचता का? सगळं पत्र वाचता. बायबलही तसंच, सलग वाचायचं.

आणि देव गप्प राहिला तर?

राहतो कधी कधी. मोठमोठ्या भक्तांनाही हा अनुभव आलाय. त्या वेळी काय करायचं? जे आधी स्पष्ट सांगितलेलं आहे, ते करत राहायचं. खरं बोलायचं, आजीला औषध आणून द्यायचं, अभ्यास करायचा, शत्रूसाठी प्रार्थना करायची. यासाठी नव्या हाकेची वाट बघावी लागत नाही. अकरावीला कोणती शाखा घ्यावी, यावर कदाचित एकच ठरलेलं उत्तर नसेलही. दोन्ही वाटा चांगल्या असतील, तर आपली आवड, गुण आणि घरची परिस्थिती पाहून निवड करायची अक्कलही देवानेच दिली आहे.

तुम्हांला माहीत आहे, विक्रोळीला एखादी फास्ट लोकल न थांबता पुढे जाते. ती धडाडत जाते, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या मित्राचं बोलणंसुद्धा ऐकू येत नाही. ती गेली की आवाज पुन्हा ऐकू येतो. मित्र मधल्या वेळात कुठे गेलेला नसतो, तो तिथेच असतो.

या आठवड्यात एक करून पाहा. रोज रात्री मोबाइल बाजूला ठेवून दहा मिनिटं बसा. मार्कच्या शुभवर्तमानातला एक छोटा प्रसंग वाचा. मग दिवस डोळ्यांपुढून जाऊ द्या. आज मन कुठे आनंदलं, कुठे टोचलं, ते वहीत दोन ओळींत लिहा. शेवटी म्हणा, "प्रभू, उद्या मी काय करू?" आणि दोन मिनिटं गप्प बसा. पहिल्या दिवशी फक्त पंख्याची घरघर ऐकू येईल, दुसऱ्या दिवशी शेजारच्यांचा टीव्ही. हरकत नाही. आईची हाक ओळखायलाही आपल्याला काही वर्षं लागलीच होती ना?

आणि हो, उद्या शाळेत त्या मुलाच्या शेजारी बसायला विसरू नका.